विलायतेंतील पहिला दिवस

शाळेच्या वार्षिकासाठीं कांहींतरी प्रवासवृत्त लिहून द्यावें, अशी आमच्या गुरुजनांची आज्ञा झाली, तेव्हां लिहिण्यासारखें पुष्कळ आहे असें वाटलें. लेखणी हातीं घेतल्यावर मात्र बाकी सारें बाजूस राहिलें व एकच दिवस डोळ्यांपुढें उभा राहिला. तो दिवस म्हणजे मंगळवार, ता. ३ जुलै २०१८. त्या दिवशीं आम्ही तिघे, याच शाळेंत एका बांकावर बसून शिकलेले, लंडन शहर पाहावयास निघालों. मित्रांचीं नांवें येथें देत नाहीं. एक लाखनीचा व दुसरा एकोडीचा. म्हणून त्यांना लाखनीकर व एकोडीकर म्हणूं. तिसरा प्रस्तुत लेखक, खास साकोलीचा.

लाखनीकर पुण्याच्या एका कंपनींत संगणकाचें काम करतो. त्या कामासाठीं त्याची कांहीं महिन्यांकरितां लंडनला रवानगी झाली होती व शहराच्या पश्चिमेस हौन्स्लो येथें त्यास राहण्यास जागा मिळाली होती. उतरण्याचा खर्च वांचत आहे, तर आतांच या, पुन्हां असा योग येणार नाहीं, असा त्याचा निरोप आला. विमानाचें भाडें व परवान्याची फी यांतच आमची व एकोडीकराची सारी शिल्लक संपली. ती शिल्लक कशी सांठविली होती, हें सांगत बसलों तर लंडन दूरच राहील.

निघण्याच्या आदल्या रात्रीं आजोबांनीं आम्हांस ओसरीवर बोलाविलें. ते तेव्हां सत्त्याऐंशी वर्षांचे होते. आतां ते नाहींत, म्हणूनच ही गोष्ट लिहितां येते. लंडनला ते शेवटपर्यंत विलायतच म्हणत. १९५४ सालीं भंडारा मतदारसंघांत लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते व पराभूत झाले, हें आमच्या जिल्ह्यांत वडील माणसांकडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण व एक राखीव. त्यामुळें प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं. आजोबा तेव्हां तेवीस वर्षांचे. मत देण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

“दोन्ही दुसरीकडे टाकले,” आजोबा म्हणाले. “घरच्यायनं सांगितलं, टाकले.” एवढें बोलून ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “तिकडे त्यायचं घर हाये म्हंतेत. पहिले तेथी जाजो, बाबू. मंग बाकीचं पाह्यजो.”

आम्ही ‘हो’ म्हटलें व पायां पडलों.

ज्या घराविषयीं आजोबा बोलले, त्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. बाबासाहेब प्रथम १९१६ सालीं लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत दाखल झाले. परंतु बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना परत यावें लागलें. पुढें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून, चार पैसे गांठीस बांधून व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य घेऊन ते १९२० सालीं पुन्हां गेले. १९२१-२२ सालीं ते ज्या घरांत राहत होते, तें किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचें घर महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं विकत घेतलें व तेथें त्यांचें स्मारक केलें. आम्ही गेलों त्या वर्षीं त्या घरास संग्रहालय म्हणून परवानगी द्यावी कीं नाहीं, याचा तेथील नगरपालिकेंत वाद चालला होता. ती परवानगी २०२० सालीं मिळाली.

आतां लंडनकडे वळूं. लाखनीकरानें तीन दिवसांची यादी आधींच करून ठेविली होती. पहिल्या दिवसाच्या सदरांत चौदा स्थळें होतीं व प्रत्येकापुढें मिनिटें मांडलीं होतीं. बाबासाहेबांचें घर तिसऱ्या दिवसाच्या सदरांत होतें. आम्हीं तें वाचलें आणि कांहींच बोललों नाहीं.

न बोलण्याचें कारण सांगितलें पाहिजे. एकोडीकराचे आजोबा त्या निवडणुकींत बाबासाहेबांच्या प्रचारासाठीं पायीं गांवोगांव हिंडले होते. ही गोष्ट त्याच्या घरीं भिंतीवरील तसबिरीइतकी नित्याची. त्या घरीं आम्ही लहानपणापासून जेवत आलों, परंतु आमच्या आजोबांनीं आपलीं दोन्ही मतें कोठें टाकलीं, हें त्याला सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. पहिल्याच दिवशीं त्या घराचा हट्ट धरला असता, तर “आजच कां?” असें त्यानें विचारलें असतें, आणि खोटें बोललों असतों तर त्यानें तें ओळखलें असतें.

हौन्स्लोहून शहरांत जाणारी आगगाडी प्रथम उघड्यावरून धांवते व पुढें जमिनीच्या पोटांत शिरते. जगांतील पहिली भुयारी आगगाडी याच शहरांत १८६३ सालीं सुरू झाली. आपली बोरीबंदर-ठाणें गाडी तिच्या दहा वर्षें आधींची, १८५३ सालची. हा हिशेब एकोडीकरानें गाडींतच केला व “आपण कांहीं मागें नव्हतों,” असें म्हणून छाती पुढें काढली. “पण ती बांधली कोणीं?” असें लाखनीकरानें विचारतांच ती पुन्हां जागेवर गेली. बाहेर येतांना सरकत्या जिन्यावर आम्ही तिघे आठवडी बाजारांत उभें राहावें तसे एका ओळींत उभे राहिलों. मागून कोणी तीन वेळां हळूच क्षमा मागितली. आपणांस कोणी क्षमा कां मागत आहे, हें आम्हांस उमजेना. अखेर लाखनीकरानें आम्हांस उजवीकडे ओढलें. तेथें उभें राहणारानें उजवीकडे राहावें व डावी बाजू घाईच्या माणसांस मोकळी ठेवावी, असा दंडक आहे.

ट्रॅफल्गार चौकांत नेल्सनचा उंच स्तंभ व त्याच्या पायथ्याशीं लँडसीअरनें घडविलेले काळे सिंह आहेत. हे सिंह १८६७ पासून तेथें बसले आहेत. सिंहाच्या पाठीवर चढण्याची मुलांची धडपड चालली होती, व चढण्याचा मोह आम्हांस झाला नाहीं असें म्हणवत नाहीं. आमचें लक्ष मात्र बाजूच्या दोन पुतळ्यांकडे अधिक गेलें. एक सिंध जिंकणारा नेपियर, दुसरा १८५७ च्या युद्धांतील हॅवलॉक. इतिहासाच्या तासास ज्यांच्यावर आम्ही दांत खात होतों, ते येथें चौथऱ्यावर मोठ्या ऐटींत उभे! हॅवलॉकच्या डोक्यावर एक कबूतर निवांत बसलें होतें. एकोडीकरानें त्याचें छायाचित्र घेतलें. नेल्सनचें घेतलें नाहीं.

तेथून पायीं पार्लमेंटच्या चौकांत गेलों. चर्चिलचा पुतळा आहे त्याच चौकांत महात्मा गांधींचाहि पुतळा २०१५ सालीं उभा राहिला. दोघांचें हयातींत किती पटत असे, हें सर्वांस ठाऊक आहे; आतां ऊन-पावसांत एकमेकांची सोबत करणें त्यांच्या नशिबीं आलें. त्या चौकांत स्त्रीचा पुतळा असा एकहि नव्हता. स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटलेल्या मिलिसंट फॉसेट यांचा पुतळा आमच्या भेटीच्या अवघे दोन-अडीच महिने आधीं, २०१८ च्या एप्रिलांत, बसविण्यांत आला होता. आमच्या शाळेंतील मुलींनीं हें लक्षांत ठेवावें, म्हणून मुद्दाम लिहिलें.

लाखनीकराच्या यादींतील सर्वांत मोठें स्थळ म्हणजे बिग बेन. वस्तुतः तें नांव मनोऱ्याचें नसून आंतल्या प्रचंड घंटेचें आहे. आम्ही कोपऱ्यावरून वळलों व पाहतों तों मनोरा नखशिखान्त लोखंडी पहाडांत गुंडाळलेला! डागडुजीचें काम चालू होतें, घंटा २०१७ च्या ऑगस्टपासून मुकी होती व घड्याळाची एक तबकडी तेवढी लोकांच्या सोयीसाठीं उघडी ठेवली होती. लहानपणापासून बिस्किटांच्या डब्यांवर पाहिलेला मनोरा असा पाहून लाखनीकराचें तोंड उतरलें. आम्हांस मात्र तो आमच्या गांवच्या रस्त्याच्या कामाचा भाऊच वाटला.

पुलावर आलों व तेथें मात्र आम्ही यादी विसरलों. वाचकहो, आपण तळ्यांच्या जिल्ह्यांतले. पाणी बांधून ठेवावें, मोजून सोडावें, धानास द्यावें, हें आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांचें ठाऊक. नदी म्हटली कीं चुलबंद किंवा वैनगंगा. ती एकाच दिशेनें वाहावयाची. टेम्स नदी आमच्या देखत उलटी वाहत होती! समुद्राची भरती या शहरांतून पार वर चढते. लंडन ब्रिजपाशीं भरती-ओहोटीच्या पातळींत सात मीटरपर्यंत अंतर पडतें. म्हणजे दोन मजली घर बुडेल इतकें पाणी येतें आणि दिवसांतून दोन वेळां परत जातें. काठाशीं उघडा पडलेला चिखल आम्ही आलों तेव्हां दिसत होता, तो पाहतां पाहतां झांकला गेला. एक लांकडाचा ओंडका उगमाच्या दिशेनें निघाला होता. आम्हीं कठड्यावर कोपरें टेकून त्याला नजरेआड होईपर्यंत पाहिलें. लाखनीकराच्या हिशेबानें पुलास बारा मिनिटें होतीं, गेलीं चाळीस.

एक वाजण्याच्या सुमारास पाय बोलूं लागले. ट्रॅफल्गार चौकाच्या कोपऱ्यावर सेंट मार्टिनचें देवालय आहे. गिब्ज नांवाच्या शिल्पज्ञानें तें १७२६ च्या सुमारास पुरें केलें. दुपारीं तेथें विनामूल्य वाद्यसंगीत होतें, त्यास आम्ही जाऊन बसलों. लांकडी बांक, पॉलिशचा वास, उंच खिडक्यांतून उतरणारें ऊन; आमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या तासाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. त्या तासास खोटें बोलून बसणें फार कठीण जात असे. येथेंहि तसेंच झालें. व्हायोलिन वाजत होतें आणि आम्हांस सुपारी कातरल्याचा आवाज ऐकूं येत होता. “पहिले तेथी जाजो.” आतांपर्यंत आम्ही सिंह पाहिले, पहाड पाहिले, उलटी नदी पाहिली. शेजारीं एकोडीकर डोळे मिटून बसला होता. आम्ही तोंड उघडलें व पुन्हां मिटलें. बाहेर येऊन पायऱ्यांवर घरच्या पोळ्या व जवसाची चटणी खाल्ली आणि ब्रिटिश म्यूझियमचा रस्ता धरला.

हें संग्रहालय १७५९ पासून लोकांस खुलें आहे व प्रवेशास दाम पडत नाहीं. त्यांत काय काय आहे, हें सांगावयास हें अख्खें वार्षिक पुरणार नाहीं. एका दालनांत आंध्रांतील अमरावतीच्या स्तूपाचीं शिल्पें कांचेआड मांडलीं आहेत. फिकट दगड, त्यांत स्तूपास वंदन करणारीं माणसें, धर्मचक्र, घोडे, वेली. तेथें एकोडीकर थबकला व म्हणाला, “अरे, पवनीला असेच निघाले ना?” खरेंच, आमच्याच जिल्ह्यांतील पवनी येथें १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननांत प्राचीन स्तूप उजेडांत आले. साकोलीहून पवनीस जाऊन त्याच दिवशीं परत येतां येतें. आम्हां तिघांपैकीं एकहि तेथें गेला नव्हता.

संग्रहालयाच्या मधोमध कांचेच्या छपराखालीं मोठें पटांगण आहे व त्याच्या मध्यावर एक गोल इमारत. हेंच तें १८५७ सालीं उघडलेलें वाचनालय. बाबासाहेब विद्यार्थिदशेंत येथेंच सकाळपासून पुस्तकांत बुडून बसत. पुस्तकें आतां दुसऱ्या इमारतींत नेलीं आहेत व आम्ही गेलों तेव्हां वाचनालयाचीं दारें लोकांस बंद होतीं. एकोडीकर त्या गोल भिंतीला हात लावून एक प्रदक्षिणा करून आला. मग खालीं बसला. साडेचार वाजले होते. तेथें आम्हीं त्याला सर्व सांगितलें: १९५४, दोन मतें, ओसरीवरचें बोलणें आणि आजोबांचा निरोप.

तो रागावेल असें वाटलें होतें. त्यानें आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. थोड्या वेळानें म्हणाला, “आणि तूं सकाळपासून सिंह पाहत होतास?” मग उठला. “चला.”

घाईची माणसें चुका करतात, तशी आम्हीं केली. टॉटनहॅम कोर्ट रोडवरून चॉक फार्म स्टेशनास जावयाचें होतें. नकाशांतील काळी रेघ पुढें कॅम्डन टाउनपाशीं फुटून तिच्या दोन शाखा होतात. चॉक फार्म एकीवर आहे आणि समोर आलेली गाडी दुसरीची होती. पाटी वाचण्याचें काम आमच्याकडे होतें. आम्हीं रंग पाहिला, नांव पाहिलें नाहीं. केंटिश टाउन आल्यावर लाखनीकराच्या ध्यानांत आलें. परत फिरून, गर्दींत दोन गाड्या सोडून, चॉक फार्मला उतरेपर्यंत सहा वाजून गेले होते.

स्टेशनापासून घर जवळच आहे. रेल्वेच्या रुळांवरील पूल ओलांडला कीं किंग हेन्रीज रोड लागतो. मोठा शांत रस्ता. दहा क्रमांकाचें घर आपण होऊन सांपडलें, कारण भिंतीवर निळी गोल पाटी आहे. तिच्यावर बाबासाहेबांचें नांव, जन्ममृत्यूचीं सालें व ते येथें १९२१-२२ सालीं राहत होते, हें लिहिलेलें आहे.

दार बंद होतें. वेळ संपून गेली होती.

लाखनीकर म्हणाला, “सकाळीं सांगितलें असतेंस तर यादी बदलली असती.” आम्ही म्हणालों, “चौदा स्थळांची यादी कोणीं करावयास सांगितली होती?” तो म्हणाला, “गाडी कोणीं चुकविली?” शाळेच्या पटांगणावर जसे भांडत होतों तसे त्या दारापुढें आम्ही भांडलों. एकोडीकर पाटीचें छायाचित्र घेऊन मुकाट्यानें पुढें चालूं लागला. आम्ही त्याच्या मागें गेलों.

जवळच प्रिमरोझ हिल नांवाची टेकडी आहे. टेकडी म्हणजे काय, आमच्याकडे तिला कोणी नांवहि दिलें नसतें. परंतु वरून सारें लंडन दिसतें. त्या उन्हाळ्यांत पाऊस नव्हता व गवत वाळून मे महिन्यांतल्या आमच्या बांधांसारखें झालें होतें. सात वाजून गेले तरी ऊन लख्ख. त्या सायंकाळीं फुटबॉलच्या विश्वचषकांत इंग्लंडचा कोलंबियाशीं सामना होता. खालच्या वस्तींतून मधूनच आरोळ्या उठत. त्या गवतावर एकोडीकर प्रथमच बोलला. “आमचे आजोबा सांगत, प्रचाराला गेले असतां एका गांवीं त्यांना विहिरीचें पाणी मिळालें नाहीं. भर एप्रिल. गांव कोणतें, तें त्यांनीं मरेपर्यंत सांगितलें नाहीं. म्हणत, त्या गांवचीं पोरें तुझ्या वर्गांत आहेत.”

आम्हांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

इतक्यांत आमचा फोन वाजला. साकोलीस तेव्हां मध्यरात्र होत आली होती. वडिलांनीं फोन लावून आजोबांच्या हातीं दिला होता. ते झोंपावयास तयार नव्हते.

“पाह्यला का रे, बाबू?”

येतां येतां आम्हीं उत्तर जुळवून ठेविलें होतें. घर पाहिलें, हें कांहीं खोटें नव्हतें. परंतु एकोडीकर समोर बसला होता. “दार बंद होतं, आजोबा. आम्हांला उशीर झाला.” पलीकडे कांहीं ऐकूं येईना, खोकला तेवढा आला. मग आजोबांनीं विचारलें, “बाहेरून हात जोडले का?”

हात जोडले नव्हते. भांडलों होतों.

आम्ही उत्तर देण्यापूर्वींच एकोडीकरानें हात पुढें केला व फोन घेतला. “आजोबा, मी एकोडीचा,” असें म्हणून तो उठून चार पावलें दूर गेला. त्याची पाठ आमच्याकडे होती. तो थोडेंच बोलत होता. “हो” आणि “नाहीं, आजोबा” एवढेंच आम्हांस ऐकूं आलें. पाव तास तरी गेला असेल. परत येऊन त्यानें फोन आमच्या हातांत ठेवला. काय म्हणाले, असें विचारलें, तेव्हां “उद्या सकाळीं लवकर जा म्हणाले,” एवढेंच त्यानें सांगितलें. बाकीचें त्यानें आजतागायत सांगितलेलें नाहीं, व आजोबांनाहि आम्हीं विचारलें नाहीं.

आम्ही टेकडी उतरून पुन्हां त्या दारापाशीं आलों. पदपथावर जोडे काढले व हात जोडून उभे राहिलों. कुत्र्यास फिरावयास नेणाऱ्या एक वृद्ध बाई तेथून जात होत्या. बंद दारापुढें अनवाणी उभे असलेले तीन तरुण पाहून त्या थांबल्या व किल्ली हरवली आहे काय, असें त्यांनीं फार सौजन्यानें विचारलें. लाखनीकरानें सांगितलें, “नाहीं बाईसाहेब, आम्ही उशिरा आलों. उद्यां येऊं.”

दुसऱ्या दिवशीं दार उघडलें, तेव्हां आम्ही पाऊण तासापासून बाहेर उभे होतों. एकोडीकर पुढें झाला नाहीं. त्यानें आम्हांस पुढें घातलें.